नाना, ट्रस्ट राहू द्या, मृत्युपत्र करा

तीर्थरूप नाना आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नाना म्हणाले, "तुम्ही तिकडे ट्रस्ट केला म्हणे, मग आपणही करून टाकू." फोनवर हे धड सांगता येत नाही. मध्येच आई जावयांच्या जेवणाची चौकशी काढते आणि गाडी आखाजीला कोण कोण येणार यावर जाते. म्हणून लिहून पाठवतेय. दादाकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

आधी आम्ही काय केलं आणि का केलं ते सांगते. इथे कॅलिफोर्नियात घर एकट्याच्या नावावर असलं आणि तो माणूस गेला, तर ते वारसांकडे यायला बहुतेक वेळा कोर्टातून जावं लागतं. त्याला प्रोबेट म्हणतात. मृत्युपत्र असलं तरी त्यातून सुटका नाही. वर्ष सहज जातं आणि वकिलाची फी कायद्यानेच ठरवून दिलेली आहे: पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३ टक्के, त्यापुढच्या आठ लाखांवर २ टक्के. म्हणजे ९ लाख डॉलरच्या घराला २१ हजार डॉलर. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाही तेवढीच रक्कम मागता येते. वर गंमत अशी की हा हिशेब घराच्या पूर्ण किमतीवर होतो, त्यावर बँकेचं कर्ज किती बाकी आहे ते धरत नाहीत. नाना, तुम्ही आयुष्यभर पोरांना शेकडेवारी शिकवली, तेव्हा हा अन्याय तुम्हाला लगेच दिसेल.

तो टाळायला आम्ही रद्द करता येणारा ट्रस्ट केला, म्हणजे घर विश्वस्ताच्या हाती सोपवून ते कुणासाठी सांभाळायचं हे लिहून ठेवलं. तो करणारे आम्ही, विश्वस्त आम्हीच आणि हयातीत उपभोग घेणारेही आम्हीच. वाटलं तर उद्या बदलू, परवा मोडू. आम्ही दोघंही गेलो की मग तो कुणाला बदलता येत नाही, आणि नेमून ठेवलेला पुढचा विश्वस्त कोर्टाची पायरी न चढता घर मुलांच्या नावे करतो. आमच्यापैकी कुणाचं डोकं चालेनासं झालं तरी तोच कारभार हातात घेऊ शकतो.

यात एक मेख आहे. कितीतरी लोक ट्रस्टची जाडजूड फाइल करून कपाटात ठेवतात आणि घर मात्र जुन्याच नावावर राहतं. कोठी बांधली आणि दाणे खळ्यातच, असा प्रकार. म्हणून आम्ही घराचा दस्तही लगेच ट्रस्टच्या नावाने करून नोंदवला. त्यासाठी नोटरी बाई घरी आल्या, जेवणाच्या टेबलावर रजिस्टर उघडलं, शाईची डबी पुढे केली आणि आम्हा दोघांच्या उजव्या अंगठ्याचे ठसे घेतले. मला एकदम अमळनेरचं दुय्यम निबंधक कार्यालय आठवलं. सही करता येणाऱ्याचाही अंगठा घेतल्याशिवाय जगात कुठेच जमीन हलत नाही असं दिसतं.

असा ट्रस्ट केल्याने कर वाचत नाही की कर्जवसुलीपासून संरक्षणही मिळत नाही. आणि आम्हाला काही झालं तर मुलांचा सांभाळ कोणी करायचा, ते लिहायला वेगळं मृत्युपत्र करावंच लागलं.

आता आपल्याकडचं. भारतातही १८८२ च्या कायद्याखाली असा ट्रस्ट करता येतो, पण तुम्हाला त्याचा उपयोग काय? ज्या प्रोबेटच्या भीतीने आम्ही हा खटाटोप केला, ते जळगाव जिल्ह्यातल्या मृत्युपत्राला सक्तीचं नाही. ट्रस्टमध्ये घर-जमीन घालायची तर नोंदणीकृत दस्त आणि स्टॅम्पचा खर्च आला, उत्पन्नावरचा कर तुमच्याच डोक्यावर राहणार, आणि शेतजमीन म्हटली की ट्रस्ट शेतकरी आहे का हा फाटा फुटतो. घरात स्वतःचं पाहू न शकणारं मूल असतं तर मीच ट्रस्ट करा म्हणाले असते.

खरी काळजी मला तुमच्या दुसऱ्या वाक्याची वाटली. "नाहीतर सगळं दादाच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळा होतो." राहतं घर आणि शेतजमीन मुलाला दिली तर महाराष्ट्रात स्टॅम्प फक्त २०० रुपये लागतो, बाकीचे आकार वेगळे, हे तुम्हाला पारावर कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. सांगणारा खरंच बोलला. पण मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीही वेळा फिरवू शकता आणि शेवटचं तेच खरं धरतात. बक्षीसपत्र एकदा झालं की तुमच्या मर्जीने मागे घेता येत नाही. दादा-वहिनींवर माझा तिळमात्र अविश्वास नाही. पण कर्ज, आजारपण, अपघात काही सांगून येत नाही, आणि त्यांच्या नावावरची जमीन त्यांच्या अडचणीत सापडू शकते. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, दस्तात सांभाळण्याची अट घातली असेल तर दस्त रद्द करून मागता येतो. पण त्यासाठी प्रांत कार्यालयाच्या बाकावर पोटच्या पोरासमोर बसायचं का?

म्हणून मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प लागत नाही. तुम्ही सही करताना दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनीही तुमच्यासमोर सह्या करायच्या. साक्षीदार तुमच्या वयाचे नकोत, चाळिशीतले बघा, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्याच. डॉक्टरांचा दाखलाही जोडा, म्हणजे पुढे कुणी "नानांना तेव्हा समजत नव्हतं" म्हणणार नाही. पणजोबांपासून आलेली जमीन आणि तुम्ही पगारातून घेतलेली बोरीकाठची जमीन वेगवेगळी लिहा. घेतलेली जमीन तुमची, ती कुणालाही द्या. वडिलोपार्जितमध्ये तुमचा जो हिस्सा निघेल तेवढाच तुम्ही लिहू शकता, कारण २००५ पासून तिच्यात माझाही जन्मजात हक्क आहे. भांडायला नाही सांगत हे, कागद चुकू नये म्हणून सांगतेय.

बोरीकाठची जमीन दादाला लिहा. कपाशीच्या वेचणीला माणसं मिळत नाहीत तेव्हा तो आणि वहिनी स्वतः उतरतात, मी नाही. तसंही माझ्यासारख्या परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन बक्षीस देता येत नाही, ती वारसाहक्कानेच येऊ शकते. पण "बेबी नंतर हक्कसोडपत्र देईलच" यावर विसंबू नका. काही न लिहिता ठेवलंत तर वारस नोंदीत माझं नाव लागणार, मग माझ्या सहीसाठी दूतावास, मुखत्यारपत्र आणि तलाठ्याकडे दादाच्या चकरा.

घराबद्दल मात्र मी हट्ट धरणार आहे. ते आईच्या नावे पूर्ण मालकीने लिहा. "आई हयात असेपर्यंत तिथे राहील" असं वकील सहज लिहून टाकतात. राहील म्हणजे काय? ती काय भाडेकरू आहे? उद्या तिला वरची खोली काढून टाकायची असली, घर विकून दादाजवळ जायचं असलं, तर तिला कुणाची परवानगी लागू नये.

एका गोष्टीला मृत्युपत्र पुरत नाही. माणूस हयात आहे पण व्यवहार कळत नाहीत, अशी वेळ आली तर? आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र नेमकं तेव्हाच संपतं. म्हणून पेन्शनचं खातं आईबरोबर जोडखातं करा, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. मुदत ठेवींनाही तसंच. नॉमिनी लावा, नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त बँकेकडून पैसे उचलतो. पैसे कुणाचे ते मृत्युपत्रातच लिहा.

"आते कायले जोयजे?" असं म्हणाल, मला माहीत आहे. तब्येत ठणठणीत आहे म्हणूनच आत्ता. दादाला सातबारा आणि आठ-अचे ताजे उतारे काढायला सांगितले आहेत. वकिलाने मसुदा दिला की सही करण्याआधी आईला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे थांबवेल तिथलं वाक्य बदलून आणा.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची,
बेबी