‘मला काही झालं नाही’ यावर विसंबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अपघात टाळावा कसा, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण अपघात होऊन गेल्यावर पुढच्या तासाभरात आणि त्या रात्री काय करायचं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. आमच्या घरावर ती वेळ आली, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाच्या मोटारीला बाजूच्या रस्त्यानं आलेल्या गाडीनं धडक दिली. मी पोहोचले तेव्हा तो कडेला उभा राहून शर्टावरचे काचेचे कण एकेक करून झटकत होता. ‘ताई, मला काही झालं नाही,’ म्हणाला. मग विचारलं, ‘किल्ली कुठाय गाडीची?’ माझ्याकडे आहे, असं मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. थोड्या वेळानं पुन्हा. मला वाटलं, घाबरलाय बिचारा. समोरचा गाडीवाला म्हणाला, ‘कशाला पोलीस, जागेवरच मिटवू.’ आम्ही हो म्हटलं आणि घरी आलो. रात्री डोकं ठणकतंय म्हणून भाऊ लवकर आडवा झाला, त्याला उलटी झाली आणि नंतर हलवूनही तो धड जागा होईना. कवटीच्या आत रक्त साचत होतं. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, आज तो ठणठणीत आहे. पण ते पाच-सहा तास आम्ही घरी बसून घालवले, याची टोचणी मला आजही आहे.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. मार बसून ती फाटली, तर रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्या मधल्या जागेत साचत जातं. सुरुवातीला माणूस चालतो, बोलतो, चहा मागतो. आतला दाब वाढला की मग कोसळतो. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं ही मेंदूला हादरा बसल्याची खूण होती. ती माझ्यासमोर होती आणि मला ओळखता आली नाही.

धडकेनंतर शरीरात ॲड्रेनालिन उसळतं, त्यात दुखणं दबून जातं. मानेचं दुखणं तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशी वर येतं. सीटबेल्टचा वळ पोटावर उमटला असेल तर दुखत नसलं तरी तपासणी करून घ्याच, कारण आत रक्तस्राव होत असू शकतो. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, अडखळणारी जीभ, डोळ्यांची एक बाहुली मोठी आणि एक लहान, नाका-कानातून पाण्यासारखा द्राव, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. वयस्कर माणूस असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याचा मार किरकोळ समजूच नये. पहिला दिवसभर त्या माणसाला एकटं सोडू नये.

जागेवरचंही थोडं लिहिते. इंजिन बंद, हँडब्रेक वर, चारही इंडिकेटर चालू आणि माणसं रस्त्याच्या बाहेर. आम्ही दोन गाड्यांच्या मधोमध उभं राहून बोलत होतो. मागून तिसरी गाडी आली असती तर? आग, धूर किंवा पाणी यांचा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका, मानेला किंवा मणक्याला इजा असली तर ओढाताणीनं ती वाढते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि थांबलं का हे बघायला सारखं उचलू नका. रुतलेली काच उपसू नका. पाणी पाजायची आपल्याला फार घाई असते, तीही आवरा. शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

राहिला प्रश्न ‘मिटवू’चा. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूक करारात, अपघातात सापडलेल्या चालकानं थांबावं, मागितल्यास ओळख द्यावी, कुणी जखमी असेल तर पोलिसांना कळवावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामागे नुसता दंडाचा विचार नाही. इजा किती आहे हेच अजून कळलेलं नसतं, मग मिटवायचं काय? गाड्या हलवण्याआधी लांबून एक फोटो घ्या, ज्यात दोन्ही गाड्या आणि रस्ता दिसेल; मग नंबर प्लेट, ब्रेकच्या खुणा, सिग्नल. पाहणाऱ्या एखाद्याचा फोन नंबर घ्या. विमा कंपनीला लगेच कळवा. नुकसान डोळ्यांना दिसेल तेवढंच सांगा, ‘कुणालाही इजा नाही’ असं तपासणीआधी लिहून देऊ नका.

माझी एक विनंती आहे. डोक्याच्या दुखापतीची वर दिलेली लक्षणं आपण चौकटीत, ठळक अक्षरांत छापावीत. कापून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवता येतील एवढ्याच आकाराची. भावानं आपल्या गाडीत हातानं लिहून तसा कागद ठेवलाय, पण त्याचं अक्षर त्याच्याशिवाय कुणाला लागत नाही.

आपली,
एक वाचक