मित्रास पत्र : पडणारा ईएलसीबी

चिपळूण, १२ जुलै

बाळ्या,

दिवाळीपासून माझा कागद नाही की फोन नाही. शिव्या भेटीसाठी राखून ठेव. तब्येत ठीक, साखर होती तिथेच आहे.

आज लिहायला बसलो, कारण ऑफिसात हे सांगितलं तर "वायरमनला बोलवा की" एवढंच म्हणतात. बोलावला होता, तिथेच तर सगळं बिनसलं.

पाऊस लागला की माझी लाइट जाते. शेजारी टीव्ही चालू, माझ्याकडे काळोख. एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की पडणारा बोर्डावरचा खटका, पडत नाही. त्याच्या बाजूचा रुंद ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की पडणारा खटका, तो पडतो. वर केला की पुन्हा खाली. वायरमनने बोर्डाकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहेब, कोकणात पावसाळ्यात हे व्हायचंच. काढून डायरेक्ट करून देतो, कटकटच नको." घरमालकांनीही मान डोलावली. मला तिथल्या तिथे सदाशिव पेठेतला आपला कटआउट दिसला. फ्यूजला चार पेडी तार, हीटर ऐटीत चालू, मग बोर्ड काळा आणि काकूंनी जिन्यात मांडलेल्या आपल्या ट्रंका. ती तार तूच घातली होतीस. वश्याला विचार. पक्कड तुझी होती!

वायरमनला चहा पाजून वाटेला लावलं. मग सगळे एमसीबी खाली केले, ईएलसीबी वर केला आणि एकेक एमसीबी चढवत गेलो. दिवे, पंखे, स्वयंपाकघर, सगळं ठीक. गीझरचा चढवला आणि खट्! गीझरची पिन काढून पुन्हा चढवला, तर राहिला. म्हणजे चोर गीझरमध्ये.

तू डिप्लोमाला घोकायचास ते आत्ता डोक्यात शिरतंय. गीझर २००० वॅटचा, २३० व्होल्टला नऊ अँपिअरसुद्धा ओढत नाही. १६ चा एमसीबी कशाला पडेल? तो वायर जळू नये म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून नाही. ईएलसीबीचं काम आमच्या कॅशियरसारखं. फेजने गेलेलं न्यूट्रलने परत आलं पाहिजे, ३० मिलीअँपिअरची तूट दिसली की काउंटर बंद. आणि हा बाबा म्हणतो, कॅशियरच काढून टाकू.

पण खरी काळजी पुढेच आहे. मी हातही न लावता तो पडतो, म्हणजे करंट कुठून तरी जमिनीत उतरतोय. अर्थिंगच्या हिरव्या तारेतून की ओल्या नळातून? जुनं घर, सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्याच्या मागे तार आहे का? ओल्या हाताने फ्रिज उघडला की झिणझिण्या येतात. त्या भोकात टेस्टर पेटला नाही, पण तार तुटलेली असली तरी तो पेटायचा नाहीच. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावावा, तर चांगल्या अर्थिंगवरही ईएलसीबी पडणार. रात्री दोन-दोनला उठून हाच विचार करतो. एकटा माणूस, चिकटलो तर मेन कोण पाडणार? सोमवारी बँकेत गेलो नाही तर फोन येईल, तोही तिजोरीची किल्ली कुठंय म्हणून. हसू नकोस.

ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडतो झकास. पण ते बटण अर्थिंगबद्दल काही सांगत नाही, हे तूच कधीतरी पाटणकरांच्या घरी भांडून भांडून सांगितलं होतंस. तेव्हा मी तुला आगाऊ म्हटलं होतं. अजूनही म्हणतो.

सध्या गीझर बंद, आंघोळ गार. रॉड आणणार नाही, त्याचं नाव काढू नकोस.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? सोनूला हॉस्टेल मिळालं ना? अण्णांना नमस्कार.

अर्थिंग मीटरने मोजून देणारा लायसनवाला माणूस तुझ्या ओळखीत चिपळूण-खेडकडे कुणी असेल तर नंबर पाठव. तोवर घरमालकांना काय सांगू तेही लिही. ते शनिवारी पुन्हा त्याच वायरमनला घेऊन येतायत.

तुझा,
नंदू