शहराची सरासरी आणि गोवराची वस्ती

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

साथीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : शहरात इतके टक्के बालकांचे लसीकरण झालेले असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये. परिचारिका म्हणून माझी नोकरी लसीकरणाच्या कामातच गेली, त्यामुळे या वाक्यातल्या टक्केवारीविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. आपल्या वृत्तपत्राने साथीचे आकडे केवळ शहरापुरते न छापता विभागवार आणि शक्य तेथे वस्तीवार छापावेत, एवढीच माझी विनंती आहे. तिचे कारण २०२२ च्या मुंबईतील गोवराच्या साथीवरून सांगते.

त्या वर्षी पावसाळा सरताना रुग्ण वाढू लागले, ते साऱ्या शहरात सारखे वाढले नाहीत. गोवंडीच्या, म्हणजे एम-पूर्व विभागातल्या, दाट वस्त्यांत साथीने आधी जोर धरला आणि पुढे भिवंडी, मालेगाव येथेही तिने डोके वर काढले. करोनाच्या काळात हुकलेले डोस हे एक कारण सर्वांनी सांगितले आणि ते खरेही होते. परंतु डोस सगळीकडे हुकले असताना मुले याच गल्ल्यांत का दगावली, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

गोवर हा माणसाला होणाऱ्या सर्वाधिक संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तेथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. त्यात पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल रोग पसरवत असते, आणि तेव्हा दिसतो तो नुसता ताप, सर्दी, लालसर डोळे. म्हणजे गोवर आहे हे घरच्यांना कळेपर्यंत ते मूल अंगणवाडीत बसून, दवाखान्याच्या बाकावर थांबून आणि शेजारच्या दहा बाय दहाच्या खोलीत खेळून आलेले असते. अशा रोगाची साखळी तोडायची तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, कारण नवव्या महिन्यानंतरच्या पहिल्या डोसाने शंभरातली पंधराएक मुले असुरक्षितच राहतात.

आता सरासरीकडे वळते. समजा, एका विभागात १०,००० मुले आहेत आणि त्यांतील ५०० जणांना लस मिळालेली नाही. ही ५०० मुले सर्वत्र विखुरलेली असतील, तर प्रत्येकाभोवती लस घेतलेल्यांचे कुंपण असते आणि विषाणूला पुढे जायला वाट सापडत नाही. पण त्यांतली ४०० मुले एकाच नाल्याकाठच्या चार गल्ल्यांत राहत असतील, तर कागदावरचे ९५ टक्के तसेच राहतात आणि त्या गल्ल्यांत घरोघरी गोवर निघतो. लस न मिळालेली मुले बहुधा अशी शेजारी शेजारीच असतात, कारण ती न मिळण्याची कारणेही शेजारी शेजारीच राहतात : गावाकडे ये-जा, हरवलेले लसीचे कार्ड, भाड्याची बदलती खोली, आईची रोजंदारी.

एक तपशील बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. गोवर-रुबेलाच्या लसीची कुपी एकदा उघडून द्रावण तयार केले की ती चार तासांतच वापरावी लागते. उरलेली फेकावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात. एका बाळासाठीही कुपी उघडावी असा नियम आहे, तरी लस वाया गेल्याचा जाब कोणी विचारील या धाकाने ‘अजून दोघी-तिघी येऊ द्या’ किंवा ‘पुढच्या सत्राला या’ असे सांगितले जाताना मी पाहिले आहे. धुण्याभांड्याची कामे सोडून आलेली बाई पुढच्या सत्राला येतेच असे नाही. तिला अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा हिशेबही करावा.

टक्केवारी ज्या संख्येवरून काढतात, तीही तपासण्यासारखी असते. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे बालकांची संख्या २०११ वरून अंदाजाने धरली जात होती. मग कुठे कुठे लसीकरण १०० टक्क्यांहूनही अधिक दिसते आणि नव्याने वसलेली झोपडपट्टी हिशेबातच नसते.

गोवराने झालेले नुकसानही पुरते मोजले जात नाही. हा विषाणू शरीराने आधीच्या रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती मोठ्या प्रमाणात पुसून टाकतो. मूल गोवरातून उठते आणि पुढे न्यूमोनियाने किंवा अतिसाराने जाते. कुपोषित मुलाच्या बाबतीत हा धोका फार मोठा. तो मृत्यू बहुधा गोवराच्या नावावर लागत नाही. ‘गोवर आत जिरता कामा नये’ म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवून बाळाला घरातच ठेवण्याची रीत अजून आहे, त्यामुळे कित्येक रुग्ण नोंदवहीपर्यंत पोहोचतच नाहीत.

आकडे फोडून मांडले की काय दिसते, याची उदाहरणे मुंबईतच आहेत. जुलै २०२० मध्ये शहराच्या तीन विभागांत करोनाच्या प्रतिपिंडांची, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तात खूण ठेवणाऱ्या अँटिबॉडींची, पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत ती सापडली आणि इतरत्र १६ टक्के. या दोहोंची सरासरी ना वस्तीची, ना इमारतीची. १९१८ च्या एन्फ्लुएन्झात याच शहरात युरोपियनांचा मृत्युदर हजारी आठच्या आसपास होता, तर खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील हिंदूंचा हजारी साठहून अधिक. हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या वेळच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची नोंद समाजवार ठेवली होती. परक्या सरकारने ठेवले तेवढे तरी खाते आपण ठेवावे.

अशा फोडीवरून निर्णयही बदलतात. २०२२ मध्ये, जेथे एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून अधिक रुग्ण नऊ महिन्यांखालचे होते, तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यावा, असे केंद्राने राज्यांना कळवले. केवळ एकूण रुग्णसंख्या हाती असती, तर ही बाळे लसीसाठी नववा महिना भरण्याची वाट पाहत राहिली असती. रुग्णाचे वय, पत्ता आणि त्याने घेतलेले डोस या तिन्ही गोष्टी संशयित गोवराच्या नोंदीत लिहिलेल्या असतात. नाव-गाव उघड न करता वस्तीनुसार त्यांची बेरीज देणे आरोग्य विभागाला अवघड नाही. आपल्या वार्ताहरांनी दैनंदिन आकड्यासोबत ती मागावी, आणि मिळाली नाही तर ती मिळाली नाही हेही छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, चेंबूर