धरणांची कागदपत्रे लोकांसमोर ठेवा

महोदय,

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही. नारायण पेठेतील आमच्या वाड्यात माजघराच्या भिंतीवर आजीने खिळ्याने कोरलेली त्या दिवसाच्या पाण्याची रेघ अजून आहे. हात वर केला तरी ती मला गाठता येत नाही. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, म्हणजे धोका वर ठाऊक होता आणि नदीकाठच्या पेठा मात्र निर्धास्त झोपल्या होत्या, हे शल्य आजीला घर गेल्याहून अधिक बोचत असे.

जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हाही रहिवाशांची तक्रार वेळेवर सूचना न मिळाल्याचीच होती. धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. हे अहवाल आणि आराखडे सोप्या मराठीत प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावेत, आणि किती क्युसेक विसर्गाला कोणती वस्ती बुडते हे पावसाळ्याआधीच सांगावे.

— एक वाचक, नारायण पेठ, पुणे