'ग्रेगरी पेज' नावाचा चित्रकार नव्हताच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या अमेरिकन कॉमिक्सवरचा लेख आवडला. मात्र 'फँटम लेडी'च्या 1948 च्या पानाखाली चित्रकार म्हणून 'ग्रेगरी पेज' छापले आहे. ते स्टुडिओचे टोपणनाव. चित्रे मॅट बेकर यांची. हा कृष्णवर्णीय चित्रकार 1959 मध्ये अवघ्या 37 व्या वर्षी गेला. निदान आता तरी श्रेय त्याला मिळावे.

खरे नाव शोधणे अवघड नाही. त्या काळी अमेरिकेत स्वामित्वहक्काचे 28 व्या वर्षी नूतनीकरण करावे लागे. तोवर 'फँटम लेडी'ची प्रकाशक फॉक्ससारख्या कंपन्या बंद पडल्या होत्या, नूतनीकरण झाले नाही आणि हक्क संपले. म्हणून त्यांचे अंक 'डिजिटल कॉमिक म्युझियम' आणि 'कॉमिक बुक प्लस' या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. अंक उतरवला की तो पुरा आहे ना हे पाहायला आधी पाने मोजावीत. 1940 च्या सुमारास कव्हर धरून 68 असत. युद्धकाळात कागदटंचाईमुळे 60, मग 52 झाली. फाइलच्या नावात 'फिश' (fiche) असेल तर ती मायक्रोफिशवरून, म्हणजे पानांची सूक्ष्म छायाचित्रे असलेल्या फिल्मवरून घेतलेली. तिच्यात रंग पार बिघडतात, बारीक रेषा बुजतात. पिवळट दिसला तरी कागदावरून केलेला स्कॅनच घ्यावा. मोबाइलवर पान आक्रसले की छपाईतल्या रंगीत ठिपक्यांचे तिरपे पट्टे दिसतात, तो स्कॅनचा दोष नव्हे. पूर्ण आकारात उघडावे: गालांच्या गुलाबीतले लाल ठिपके सुटे होतात आणि शाईची रेषा कुठे जाड, कुठे केसासारखी होते ते दिसते. चित्रकाराचा हात तिथेच ओळखू येतो.

मग 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस'मध्ये तो अंक काढावा. तिथे कथेगणिक पेन्सिल, शाई आणि अक्षरांची नोंद वेगवेगळी असते. नावापुढे प्रश्नचिन्ह असल्यास तो अंदाज समजावा. छापील महिनाही फसवा असतो: 'ॲक्शन कॉमिक्स'चा जून 1938 चा पहिला अंक एप्रिलमध्येच विक्रीला आला होता.

छापलेल्या नावावर किंवा सहीवर तर मुळीच विसंबू नये. फ्लेचर हँक्स यांच्या 'फँटोमा' या कॉमिकवर 'बार्कले फ्लॅग' हे नाव आहे. 'एल. रेने' या सहीमुळे वाचक 'मिस्टर रेने' समजत. त्या होत्या व्हिएन्नातून निर्वासित होऊन आलेल्या लिली रेने.

बेकर यांच्या नावाची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी आणि यापुढे अशा चित्राखाली अंकाचा क्रमांक, महिना व चित्रकार द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे