भाड्याच्या फ्लॅटची जबाबदारी मालकाची, भाडेकरूचं पाणी तोडू नका

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब आणि कमिटीचे सगळे मेंबर,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मीटिंगला मी होते पण शेवटी सगळे एकदमच बोलायला लागले आणि माझं म्हणणं राहून गेलं, म्हणून लिहून देतेय. हे पत्र मिनिट्ससोबत फाईलला लावावं ही विनंती.

ज्या मालकांचा मेंटेनन्स थकलाय त्यांच्या भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं पाणी बंद करायचं, असं ठरतंय. साहेब, हे करू नका. माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये दोन मुली राहतात, मिरजेला हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, कधी नाईट करून सकाळी येतात. त्या दर महिन्याला मेंटेनन्स धरून भाडं मालकाला ऑनलाईन पाठवतात, मोबाईलवर मला दाखवलंय. मालक पुण्यात, तो ते पैसे सोसायटीत भरत नाही. म्हणजे पैसे देणाऱ्याचा नळ कोरडा आणि बुडवणारा पुण्यात निवांत, असं होणार. भाडेनियंत्रण कायद्याचं कलम २९ खुद्द घरमालकालासुद्धा सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-लाईट तोडू देत नाही, मग कमिटीने हे अंगावर का घ्यायचं? थकबाकी वसूल करायची तर रस्ता आहे, मेंबरला नोटीस द्यायची आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा, सहकारी संस्था कायद्यात पूर्वी १०१ कलमाखाली व्हायचं ते आता १५४ बी-२९ खाली होतं. वेळ लागतो हे मान्य, पण ज्याने बुडवलंय त्याच्याकडूनच पैसे येतात.

आता माझ्या घरचंच सांगते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या बाथरूमच्या छताला ओल आहे. आधी नुसता पिवळा डाग होता, मग प्लास्टर फुगलं, त्यावर पांढरं मीठ धरलं, आणि आता नानी ट्रॅपच्या (वरच्या बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायच्या जाळीच्या) पाईपभोवती थेंब जमतो आणि बरोबर वॉशिंग मशीनवर पडतो. प्लंबर वर जाऊन बघून आला, म्हणाला टाईल्सखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय, फोडूनच करावं लागेल. वरच्या मुलींनी त्या दिवसापासून ते बाथरूम वापरणं बंद केलं, दुसऱ्यावर भागवतात, मी सांगितलं पण नव्हतं. मालकाला फोन केला तर म्हणाला भाडेकरूला सांगा, मी तिच्या डिपॉझिटमधून कापून घेतो! अहो बिल्डिंग बांधली तेव्हाचं वॉटरप्रूफिंग, त्या मुली येऊन वर्षसुद्धा झालं नाही, त्यांच्या डिपॉझिटचा संबंध काय? आणि आपल्या कमिटीतूनही मला उत्तर आलं की तुम्ही आपसात मिटवा. बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, गच्चीतनं किंवा बाहेरच्या कॉमन पाईपमधनं गळत असेल तर खर्च सोसायटीचा आणि फ्लॅटच्या आतलं असेल तर त्या मेंबरचा. मेंबर म्हणजे मालक. मग त्याला लेखी नोटीस कमिटीने द्यायला नको का?

भाडेकरूची जबाबदारी काहीच नाही असं मी म्हणत नाहीये. लाईटबिल वेळेवर भरणं, ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडीला देणं, दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी न लावणं, नळ-बटणं स्वतःच्या हाताने मोडली तर करून देणं, सोडताना महिनाभर आधी सांगणं, हे त्यांचंच काम. ए विंगमध्ये मागे एकांनी विचारल्याशिवाय किचनची भिंत फोडून कट्टा वाढवला ते चूकच होतं, तिथे मी कमिटीच्या बाजूने उभी राहिले होते. पण पाईप, वॉटरप्रूफिंग, जुनी वायरिंग हे मालकाचं, त्याचंच तर भाडं घेतो तो.

करारांचंही एकदा बघा. आपल्याकडे बहुतेकांनी ११ महिन्यांचा नोटरी करार करून फाईलला लावलाय आणि सगळ्यांचा समज असा की ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, म्हणजे नुकसान मालकाचंच. खर्च तरी किती, ९ हजार भाडं आणि ३० हजार डिपॉझिट धरलं तर ११ महिन्यांची स्टॅम्प ड्युटी अडीचशेच्या आसपास येते, पाव टक्का आहे ती, आणि शहरात नोंदणी फी १ हजार. आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाईन होतं, पुण्याहून यायचीसुद्धा गरज नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पोचही त्याच फाईलला हवी.

आणि बॅचलर्सना फ्लॅट द्यायचा नाही, प्रत्येक भाडेकरूला आधी कमिटीपुढे आणायचं, हा जो विषय निघाला तोही सोडून द्या. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, मालकाने आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची एवढंच. विश्रामबागला कॉलेजची पोरं, मिरजेत दवाखान्यात काम करणारे, कुपवाड एमआयडीसीतले कामगार, या लोकांवर सांगलीतली निम्मी घरभाडी चालतात असं मला वाटतं, त्यांनी राहायचं कुठे? नॉन-ऑक्युपन्सीचे, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून, सरसकट ५०० रुपये घेतो तेही बसत नाही. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आपला सर्व्हिस चार्ज ९०० आहे म्हणजे ९० रुपये. उद्या कुणी उपनिबंधकांकडे गेलं तर आपल्यालाच परत द्यावे लागतील.

सगळ्यात जास्त मला काळजी पुराची आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत आलं. त्या २०२१ ला आपल्या व्हॉट्सअप ग्रुपवर गाड्या हलवा, मीटरचा मेन बंद करणार, असे मेसेज पडत होते, आणि ग्रुपवर कोण, तर मालक. पुण्या-मुंबईत बसलेल्यांना कळत होतं पाणी कुठवर आलंय आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूला पत्ता नाही, लहान बाळ होतं त्यांच्यात, शेवटी वॉचमनने दार वाजवून उठवलं तेव्हा पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. तेव्हापासून मी दर वर्षी सांगतेय की भाडेकरूंना सूचनांच्या ग्रुपवर घ्या. मतदान मेंबरचंच राहू दे, पण पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद, टाकी कधी धुणार हे तिथे राहणाऱ्याला कळायला नको का?

म्हणून विनंती अशी, की पाणी तोडायचा ठराव इतिवृत्तात धरू नये, थकबाकीवाल्या मालकांना या महिन्यात नोटीस जावी आणि माझ्या वरच्या फ्लॅटच्या गळतीचंही त्याच नोटिशीत लिहावं. भाडेकरूंचे नंबर आणि घरात कितीजण आहेत याची यादी मी स्वतः दारोदार फिरून करून देते, मला फक्त कमिटीचं सहीशिक्क्याचं पत्र द्या म्हणजे लोक माहिती देतील. पावसाळ्याआधी झालं पाहिजे हे.

कळावे,
आपली,
बी विंग, दुसरा मजला