सर, तुम्ही मला पुन्हा वेळेवर बोलावलंत

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला दिसत नाही, हे पत्र फोन तुम्हाला वाचून दाखवील, म्हणून वाक्यं आटोपशीर ठेवतोय. समोर बसून बोलायला गेलो तर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही ‘मास्तर, पुढचं पान घ्या’ म्हणाल आणि विषय तिथेच संपेल. तेव्हा लिहूनच सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो, कारण नुकतेच कामावरून उतरलेले माझ्यासारखे पुष्कळ जण हे वाचतील.

बेस्टमध्ये मी कंडक्टर. तिथे ५८ व्या वर्षी निवृत्ती. ती तारीख नोकरीला लागलो त्या दिवसापासून ठाऊक होती. फंड, ग्रॅच्युइटी, मुलीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, सगळं वहीत मांडलेलं होतं. पैशाचं कसं करायचं ते सांगणारे खूप भेटतात. सकाळी उठल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही.

फर्स्ट शिफ्टच्या माणसाला साडेतीनला जाग येते. स्टाफ गाडी पकडायची, आगारात बॅग आणि मशीन ताब्यात घ्यायचं, उजाडायच्या आत पहिली फेरी सोडायची. नोकरी सुटली तरी जाग सुटली नाही. बीडीडी चाळीतली एक खोली, ही झोपलेली, दिवा लावायची सोय नाही. मी खिडकीपाशी बसून दादरकडे जाणाऱ्या पहिल्या बसचा आवाज ऐकायचो. कोणत्या आगाराची असेल, कोण ड्रायव्हर असेल, पोहोचायला किती मिनिटं लागतील, डोक्यात आपोआप चालू व्हायचं. मग दिवसभर काही नाही. हिची स्वयंपाकाची, पाण्याची, भजनी मंडळाची वेळ ठरलेली. त्यात मी मध्ये मध्ये येत होतो, पण तिने एका शब्दाने जाणवू दिलं नाही.

लोकांनी आपुलकीने सुचवलं. नातवंडात रमा, देवळात जा, शिवाजी पार्कला फेऱ्या मारा. शिवाजी पार्कला गेलो. कट्ट्यावरची माणसं चांगली आहेत, आजही भेटतो त्यांना. आगाराच्या कॅन्टीनमध्येही जाऊन यायचो. तिथे पोरं उठून उभी राहायची, चहा सांगायची आणि घड्याळ बघायची, कारण त्यांची फेरी लागलेली असायची. मला ज्याची उणीव भासत होती ती करमणूक नव्हती. मी गेलो काय, न गेलो काय, कुणाचं काही अडत नव्हतं. इतकी वर्षं मी पाच मिनिटं उशिरा पोहोचलो तर स्टॉपवर रांग वाढायची, कुणाची लोकल चुकायची. आता दुपारी उठलो असतो तरी मुंबईत कुठे काही हललं नसतं. हे फार खोल जाऊन बसतं, सर.

अशात प्लाझाच्या स्टॉपवर तुम्ही भेटलात. सातारकडच्या एका आजींना मी केईएमला कोणती बस जाते ते सांगत होतो, आणि पाठीमागून आवाज आला, ‘मास्तर, आज ड्युटी नाही का?’ कितीतरी वर्षं तुम्ही माझ्या बसने बँकेत जायचात. पुढच्या दाराने चढायचात, आणि मी मागून सांगायचो, ‘सर, सिद्धिविनायक गेलं.’ तेवढीच ओळख. पण तुम्हाला माझा आवाज लक्षात होता. निवृत्त झालो म्हटल्यावर तुम्ही अभिनंदन केलं नाहीत आणि आता आराम करा असंही म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘शिक्षण किती?’ दहावी म्हटलं. ‘उत्तम. शनिवारी चार वाजता या. चार म्हणजे चार.’

त्या ‘चार म्हणजे चार’बद्दल हे पत्र आहे.

काम होतं दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचं. तसं वाचायला तुम्ही मला शिकवलंत. मी स्टॉपची नावं पुकारावीत तसा शब्द सुटे करून वाचत होतो. तुम्ही सांगितलंत, वाक्य आधी डोळ्यांनी पूर्ण बघा, मग तोंड उघडा. कंस आला तर ‘कंस सुरू’ आणि ‘कंस पूर्ण’ म्हणा. तक्ता आला तर आधी किती रांगा, किती रकाने ते सांगा, मग डावीकडून वाचा. फोटो आला तर त्यात काय दिसतं ते सांगा, तुम्हाला काय वाटतं ते सांगू नका. गाळू नका, सारांश करू नका, आवाजात कीव आणू नका. शेवटचं तुम्ही एकदाच बोललात, पण मी ते मनात पक्कं ठेवलंय.

मी विचारलं होतं, आता फोन सगळं वाचतो, मग माणूस कशाला? तेव्हा तुम्ही एका जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान फोनकडून वाचून घेतलंत. जोडाक्षरांची पार मोडतोड झाली होती आणि दोन रकाने एकमेकांत मिसळले होते. दुसरी शंका, कुणाचं पुस्तक असं रेकॉर्ड करून देणं कायद्यात बसतं का? त्यावर तुम्ही अख्खा इतिहास सांगितलात. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तक दुसऱ्या स्वरूपात आणायची मोकळीक मिळाली. पुढे याच मोकळिकीसाठी देशादेशांमध्ये माराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही १९५२ मध्ये सुरू झालेली दृष्टिहीनांसाठीची संस्था आहे, तिथे ब्रेल छपाई आणि बोलती पुस्तकं होतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्याच वरळीत माझ्या नोकरीची इतकी वर्षं गेली.

मग रेकॉर्डिंग सुरू झालं. चाळीत शांतता कधी असते? कुकरच्या शिट्ट्या नाहीत, टीव्ही नाही, नळाला पाणी यायच्या आधीची वेळ. म्हणजे पहाटेचे चार. ज्या वेळेची मला भीती वाटायला लागली होती तीच कामाची निघाली. पंखा बंद, अंगावर गोधडी घेऊन आवाज आत ठेवायचा, आधी प्रकरणाचं नाव, मग पान क्रमांक. हिला मी विचारलं, झोपमोड होते का? म्हणाली, ‘तुमचा आवाज कानावर असला की बरं वाटतं.’ राज्यशास्त्राचं पुस्तक वाचता वाचता संविधानाचं कलम ३२ कळलं, आपला मूलभूत हक्क डावलला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. नोकरीत असताना एवढं सलग वाचायला कधी मिळालंच नव्हतं.

आणि लेखनिकाचं काम, म्हणजे परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणं. माझी दहावी ऐकून तुम्ही ‘उत्तम’ का म्हणालात ते तेव्हा समजलं. तेव्हा लागू असलेल्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली लागायचं. ओळखीतले एक निवृत्त मुख्याध्यापक मनापासून तयार होते, त्यांना बसता येईना. मला आलं. आयुष्यभर फॉर्मवर ‘दहावी’ लिहिताना माझा हात आखडायचा. त्या परीक्षा केंद्रावर मी तो शब्द सावकाश, सुवाच्य लिहिला.

बीएच्या शेवटच्या वर्षाची ती मुलगी रत्नागिरीकडची, इथे हॉस्टेलवर राहणारी. तिने मला आधी पूर्ण प्रश्नपत्रिका वाचायला लावली, गुणांसकट. मग म्हणाली, ‘काका, चौथा आधी.’ तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. ती सांगेल तेच आणि तसंच लिहायचं. पर्याय वाचताना आवाज कुठेही वर-खाली होऊ द्यायचा नाही, हे तुम्ही माझ्याकडून किती घटवून घेतलं होतंत! शेवटी तिने प्रत्येक उत्तराची पहिली ओळ परत वाचून घेतली. बाहेर पडलो तेव्हा बोटं सुजली होती आणि मी ताठ चालत होतो. निकाल तिने स्वतः फोन करून कळवला. आता ती बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय आणि चालू घडामोडी रोज रात्री माझ्याकडून ऐकते.

सर, तुम्ही स्वतः त्याच वाटेने गेला होतात. बँकेच्या टेलिफोन बोर्डावरून उठल्यावर तुमचे पहिले महिने कसे गेले, हे तुम्ही एकदाच, चहा पिताना सांगितलंत. म्हणूनच बहुधा तुम्ही मला सल्ला दिला नाहीत. काम दिलंत, आणि उशीर झाला तर चालणार नाही असं बजावलंत. माझ्याशी असं कडक बोलणारं कुणी उरलं नव्हतं. घरची माणसं प्रेमाने म्हणतात, ‘बाबा, सावकाश, आता कसली घाई?’ तुम्ही मात्र मला अजून घाई असलेला माणूस मानलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून सरळ लिहितो. मनापासून आभारी आहे. हीसुद्धा आभारी आहे, आणि तिने तुमच्यासाठी लसणाची चटणी करून ठेवली आहे.

आमच्या आगारातले दोघे पुढच्या महिन्यात उतरतायत. एकाचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत आहे, दुसऱ्याचं अक्षर मोत्यासारखं. दोघांना मी तुमचा पत्ता दिलाय आणि चार म्हणजे चार, हे सांगून ठेवलंय. त्यांना घेऊनच शनिवारी येतो. अर्थशास्त्राचं तक्त्यांचं प्रकरण राहिलंय, ते आधी संपवू.

आपला नम्र,
एक निवृत्त कंडक्टर
नायगाव, मुंबई